दखल न देणारे सर

आमच्या सरांना "तुम्ही जरा समजावून सांगा" असं मला सांगणारा माणूस एक तर सरांना ओळखत नाही, नाहीतर मला. या वेळी तो सरांचा मुलगाच निघाला. गुरुवारी जळकोटला बारावीचा तास संपवून बाहेर आले, तर त्याचे पाच मिस्ड कॉल. हा पुण्यात असतो. म्हणाला, "मॅडम, बाबा पडले त्याला चार महिने झाले. आता एकट्यानं धाराशिवात राहणं शक्य नाही. रविवारी आम्ही त्यांना घेऊन चाललोय. पण ते ऐकतच नाहीत. बोलणंच बंद केलंय आमच्याशी. तुमचं ऐकतील. तुम्ही याच."

"ऐकतील का ते माहीत नाही. पण येते," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. मुलाचं काही चुकत नव्हतं. सरांचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घर वरच्या मजल्यावर. काळजी वाटणारच. पण "घेऊन चाललोय" हे शब्द कानात अडकून बसले. आमच्या सरांना कुणी उचलून कुठं घेऊन जावं, हे मला काही केल्या पटेना.

सर आम्हाला तालुक्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवायचे, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. भूम तालुक्यातल्या पोरापोरींनी सार्वभौम राज्य आणि सत्तासमतोल शिकून करायचं काय, हा प्रश्न आम्हालाच पडायचा. निम्म्या वर्गानं हा विषय घेतला होता तो तासाची वेळ एसटीच्या वेळेला जुळते म्हणून. मीही त्यातलीच. मी ईट गावाहून यायचे.

सर उंच, वाळके. बारा महिने गळ्यात मफलर, उन्हाळ्यातसुद्धा. शर्टाच्या खिशात तळहाताएवढी एक वही आणि तिला दोरीनं बांधलेली पेन्सिल. आम्हा मुलींना ते "बाई" म्हणायचे आणि "तुम्ही" म्हणायचे. घरी आम्हाला "ए पोरी"च्या पुढं कुणी काही म्हणत नव्हतं. सर "बाई, तुम्ही सांगा" म्हणाले की पहिला आठवडाभर आम्ही मागं वळून बघायचो, कोण बाई आल्यात म्हणून!

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे दार. तासाची घंटा झाली की बाकीचे प्राध्यापक सरळ आत घुसायचे. आमचे सर उंबऱ्याशी थांबायचे, उघड्याच दारावर टकटक करायचे आणि विचारायचे, "येऊ का?" आम्ही "या सर" म्हणेपर्यंत पाऊल आत पडत नसे. प्राचार्यांनी एकदा हे बघितलं आणि कपाळाला हात लावला म्हणे.

मग एक दिवस मागच्या बाकावरच्या पोरांनी ठरवून आवाज दिला, "नका येऊ!"

आम्हाला वाटलं, आता सर चिडणार. कुठलं काय! त्यांनी मान हलवली, "बरं," म्हणाले, आणि व्हरांड्यातच उभे राहून शिकवायला सुरुवात केली. "हद्द तुमची हाय. त्या हद्दीत मी येत न्हाय. पण आवाजाला हद्द न्हाय, राव." पन्नास मिनिटं त्यांनी खिडकीतून असा काही खणखणीत आवाज लावला, की शेजारचा अर्थशास्त्राचा वर्ग सोडून द्यावा लागला. त्या दिवशी अर्थशास्त्रवाल्यांनी आमच्या पोरांना जे काही सुनावलं, त्यानंतर कुणी "नका येऊ" म्हणालं नाही.

पहिल्या तासाला त्यांनी विचारलं होतं, "राज्य म्हणजे काय?" एकानं सांगितलं, "महाराष्ट्र." सर म्हणाले, "ते घटक राज्य. आपल्या विषयात राज्य म्हणजे देश. लोक, जमीन, सरकार, आणि कुणाच्या हुकमात न राहणं, म्हणजे सार्वभौमत्व. आणखी कुठं ऐकलाय हा शब्द?" कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "शिवणापाणीत असतंय की सर. तुझ्यावर राज्य आलं म्हणत्यात."

वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. "पैकीच्या पैकी मार्क," म्हणाले. "चला ग्राउंडवर."

मिशा फुटलेली पोरं आणि पदवीला आलेल्या आम्ही मुली भर उन्हात शिवणापाणी खेळलो. क्रीडाशिक्षक लांबून बघत होते, त्यांना वाटलं सरांचं डोकं फिरलं. खेळता खेळता एक पोरगा दमला, हात वर करून "टाइम प्लीज" म्हणाला, आणि त्याच्या अंगावर धावून आलेला दुसरा जागच्या जागी थांबला. सरांनी शिट्टी मारली.

"का थांबलास रं?"

"टाइम प्लीज म्हणला की तो, सर."

"मग? इथं अंपायर हाय का? तू शिवला असतास तर तुला कोण दंड करणार व्हतं?"

पोरगा डोकं खाजवायला लागला. सर म्हणाले, "आता नीट ऐका. जगात देशांच्या वर अंपायर न्हाय. यालाच अराजक म्हणत्यात. अराजक म्हणजे गोंधळ न्हवं. वर कुणी न्हाय, एवढंच. वास्तववादी म्हणत्यात, ज्याचे पाय जोरात त्याचाच खेळ. उदारमतवादी म्हणत्यात, उद्याबी खेळायचंय, म्हणून आज टाइम प्लीज पाळायचं. दोघांचीबी पुस्तकं जाडजूड हायत. तुम्ही आज दोन्ही शिकलात."

"सर, तुम्ही यातले कोण?" मी विचारलं.

"मी सावलीत उभा राहणारा," ते म्हणाले आणि लिंबाखाली गेले.

पुढं मी एम.ए. केलं, जाडजूड पुस्तकंही वाचली. एवढं सोपं करून सांगणारं एकही सापडलं नाही.

सरांचं घराणं मेंढरं राखणारं. त्यांचे आजोबा येडशीच्या डोंगराकडून बार्शीच्या अंगाला मेंढरं घेऊन जायचे. तेव्हा अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, आणि पलीकडे इंग्रजांचा मुलूख. मध्ये करोडगिरीचा नाका, जकातीचा. सर सांगायचे, "आमच्या आज्याचं मेंढरू सकाळी निजामाचं, दुपारी इंग्रजाचं, दिवस मावळायला परत निजामाचं. मेंढराला त्याचं सोयरसुतक न्हाय. नेईल तिकडं जायचं. मेंढरात आन् माणसात फरक एवढाच, की माणसाला हद्द कळती." एवढं बोलून ते टेबलावर बोट आपटायचे. आम्ही तेवढं वाक्य वहीत लिहून घ्यायचो, परीक्षेला येत नसलं तरी.

आणि आता सरांच्या त्या दखल न देण्याची गोष्ट.

सहामाहीच्या पेपरात मी दणक्यात लिहून टाकलं होतं, "सार्वभौम राज्यांनी एकमेकांच्या अंतर्गत कारभाराची दखल घेऊ नये." सरांनी पेपर परत दिला तो त्या वाक्याखाली तीन लाल रेघा मारून. समासात लिहिलं होतं, "बाई, घ्यायचं आणि द्यायचं यात गफलत झाली की युद्ध होतं."

मी तणतणत विचारायला गेले. मला वाटलं, शब्दांचा कीस पाडून मार्क कापतात.

"दखल देणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं," सर म्हणाले. "दखल घेणं म्हणजे तो हाय, त्याला त्याचं म्हणणं हाय, हे मानणं. नवा देश कधी उभा राहतो? बाकीच्यांनी दखल घेतली की. आन् मोडतो कधी? बाकीच्यांनी दखल दिली की. तुम्ही लिवलंय घेऊ नये. मग त्यो देश जगणार कसा, बाई?"

मार्क काही दिले नाहीत. पण ते वाक्य डोक्यात बसलं, आणि लवकरच त्याचं काम पडलं.

त्याच वर्षी, परीक्षेला दोन महिने उरले असताना, आमच्या तात्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा शब्द घरात शेवटचा. मुलगा लातूरला नोकरीला. त्यांच्याकडच्यांना लग्न परीक्षेच्या आधी उरकायचं होतं. "परीक्षा काय, नंतरबी देता येती," तात्या म्हणाले. माझ्याआधी दोन चुलतबहिणींना हेच सांगितलं होतं. दोघींचीही परीक्षा अजून राहिलेलीच आहे. वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, पंचायत समितीत शिपाई. साहेबांपुढं आणि तात्यांपुढं त्यांची मान सारखीच खाली असायची.

मी सरांना गाठलं. "सर, तुम्ही घरी या. अप्पांना सांगा. तुमचं ऐकतील."

"न्हाय," सर म्हणाले. "तुमच्या घरात मी दखल देणार न्हाय."

असा संताप आला मला! मोठमोठ्या गोष्टी शिकवायच्या आणि वेळ आली की हात झटकायचे! एसटीत बसून ईट येईपर्यंत रडले आणि मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. भित्रा म्हातारा म्हणाले. आज लाज वाटते, पण म्हणाले.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, तात्या आमच्या ओसरीवर बसून तारखेचं बोलत होते, आणि दारात मफलर दिसला. सर उंबऱ्याबाहेर उभे. उघड्या दारावर टकटक केली.

"येऊ का?"

अप्पा धडपडत उठले. "या की सर, या!" पण सर तिथंच. माझ्याकडे बघत.

तात्यांचा चेहरा बदलला. आमची बौद्धांची वस्ती. आज्यानं दीक्षा घेतली, त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं वरच्या आळीतले लोक आमच्या दारात असेच बाहेर उभे राहायचे, आणि का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तात्या उभे राहिले. "सर, आमच्या उंबऱ्याबाहेर थांबायचे दिवस गेले. यायचं आसंल तर या, न्हायतर रस्ता मोकळा हाय."

सरांनी हात जोडले. "तुम्ही म्हणताय ते बरोबर हाय, तात्या. आमच्या लोकांनी ते केलंय. पण मी थांबलोय ते वेगळ्यासाठी. विचारा बाईंना. वर्गातबी मी असाच थांबतो. बाईंनी या म्हटल्याबिगर मी येत न्हाय."

सगळे माझ्याकडे वळले. "व्हय तात्या," मी कशीबशी म्हणाले. "वर्गातबी विचारत्यात." मग सरांकडे वळले. "या, सर."

सर आत आले. आधी पाणी मागितलं, माठातलं. तांब्या तोंडाला लावून घटाघट प्याले. मग आईच्या हातचा चहा घेतला आणि आलं बेतानं घातल्याबद्दल तिला शाबासकी दिली. तात्या जरा सैलावले. त्यांनी स्थळ किती चांगलं आहे ते सविस्तर सांगितलं. मुलाची नोकरी, घर, स्वभाव. सर मान डोलावत होते. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. सर काही बोलेनात! अर्धा तास गेला. शेवटी ते कप खाली ठेवून उठले. मी रडकुंडीला आले.

आणि उभ्या उभ्या ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं म्हणणं काय?"

आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कुणी कुणा पोरीला विचारलेलं नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. मी तोंड उघडलं आणि शब्द आले. "मला परीक्षा द्यायचीय. पुढं एम.ए. करायचंय. लग्न त्याच्यानंतर. आन् मुलगा मी बघणार."

सरांनी खिशातून ती छोटी वही काढली. पेन्सिल जिभेला लावली. सावकाश, एकेक शब्द पुटपुटत सगळं लिहून घेतलं. खाली तारीख टाकली. "नोंद घेतली," म्हणाले आणि चपला घालायला लागले.

तात्यांना काही उमगेना. "अहो सर, तुम्ही तर काहीच बोलला न्हाई!"

"मी दखल द्यायला आलो नव्हतो. दखल घ्यायला आलतो. घेतली." आणि गेले.

सर गेल्यावर तात्या एकदम उसळले. पोरीला तोंड फुटलंय, शिकवून ठेवलंय, वगैरे वगैरे. मग आयुष्यात पहिल्यांदा अप्पांनी तात्यांपुढं मान वर केली. "तात्या, जाऊ द्या आता," ते म्हणाले. "लेखी झालं. आमच्या हापिसात एकदा नोंद झाली, तारीख पडली, की सायबालाबी ते खोडता येत न्हाय."

स्थळ परत गेलं. तात्या वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी परीक्षा दिली, एम.ए. केलं, मुलगा मी बघितला. अप्पा शेवटपर्यंत सांगायचे की पोरीचं शिक्षण सरांच्या आवक नोंदीमुळं झालं.

तर मुलानं सांगितलेल्या रविवारी मी धाराशिवला पोचले. सरांचं दार सताड उघडं. पायऱ्यांवर बांधलेली गाठोडी, दोन बॅगा. खाली गाडी उभी. मी उंबऱ्याशी थांबले आणि टकटक केली.

"अहो मॅडम, या की! दार उघडंच आहे," मुलगा म्हणाला.

मी हलले नाही. "सर, येऊ का?"

आतून तोच आवाज, जरा बसलेला. "या, बाई."

सर खुर्चीत होते. पुढ्यात वॉकर. मफलर होता, पण एका बाजूला लोंबत होता. मुलगा आणि सून दोघंही भल्या घरची माणसं, आणि दोघंही एकाच वेळी बोलत होती. बाबांना तिकडं लिफ्ट आहे. बाबांना डॉक्टर जवळ आहे. बाबांची खोली पूर्वेला आहे. बाबांना इथं कोण बघणार? सर मधोमध बसून खिडकीबाहेर बघत होते.

मी वाटेत एसटीत बसून काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं काहीच बोलले नाही. खुर्चीसमोर उभी राहिले.

"सर, तुमचं म्हणणं काय?"

मुलगा लगेच पुढं झाला. "बाबांचं म्हणणं असं आहे, मॅडम, की..."

मी हात वर केला. "टाइम प्लीज."

तो थांबला. का थांबला, त्यालाही कळलं नसेल. सरांच्या ओठाची कड मात्र हलली.

"चार महिने झाले," सर सावकाश म्हणाले. "बाबांना नेतो, बाबांना नेतो. दोघं रोज हेच बोलतात. मेंढरं नेत्यात, बाई. मला जिना उतरता येत न्हाय, हे मलाबी कळतंय. रात्री उठायची भीती वाटती. ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आसतं, तर पहिल्याच दिवशी गेलो आसतो."

मुलगा खुर्चीजवळ आला. "बाबा, म्हणजे तुम्हाला यायचंय?"

"मी जाणार हाय. तू नेणार न्हाईस." सरांनी बोट वर केलं. "इथली किल्ली माझ्याकडं राहणार. तिथल्या माझ्या खोलीला दार लागणार, आन् आत येताना समद्यांनी विचारायचं. तिसरं, गाडी बार्शीच्या रस्त्यानं घ्यायची. येडशीच्या पुढं जुनी हद्द लागती. तिथं थांबायचं. ती मी माझ्या पायानं ओलांडणार."

मी पर्समधून माझी वही काढली. माझ्याकडेही तळहाताएवढीच आहे. वर्गात पोरं हसतात, हसू देत. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, "नोंद घेतली."

"तारीख टाका, बाई," सर म्हणाले. "तारखेबिगर काही खरं न्हाय."

मीही गाडीत बसले. येडशी मागं पडली, आणखी थोडं पुढं गेल्यावर सरांनी "इथं" म्हटलं. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. नाका कधीच गेला. रस्त्याकडेला एक चिंच, तुरीची रानं, आणि भरधाव जाणारे टेम्पो. "कुठंय हद्द?" मुलानं विचारलं. "मला ठाव हाय," सर म्हणाले. मुलानं त्यांना उतरवलं, वॉकर पुढं ठेवला आणि सवयीनं काखेत हात घालायला गेला. सरांनी फक्त त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात मागं घेतला.

सर निघाले. एक पाऊल. वॉकर. दुसरं पाऊल. चिंचेच्या सावलीतून बाहेर आले. पाचव्या पावलाला पाय थरथरायला लागला, मान ताठ होती पण घाम कानशिलावरून ओघळत होता. मी दातावर दात धरून उभी होते. धावत जाऊन त्यांना धरावं असं मलाही वाटत होतं, पण नाही गेले. सातवं पाऊल पडलं आणि सर थांबले. हद्द मागं पडली असावी.

मुलगा त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. हात अर्धवट पुढं आलेला, तिथंच थांबलेला.

"बाबा," तो म्हणाला, "धरू का?"

सरांनी श्वास घेतला. मफलर नीट केला.

"आता धर," ते म्हणाले.